खरेदीखत आणि सातबारा: दोन दप्तरांची जोडणी

सोलापूर जिल्ह्यातील शेतजमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदले जाई. सातबारा मात्र महसूल खात्याच्या तलाठ्याकडे असे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ नुसार निबंधकाने तलाठ्यास व्यवहाराची सूचना पाठवणे बंधनकारक होते. ती कागदी सूचना पोहोचून फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनाच मालक दिसे आणि तीच जमीन पुन्हा विकण्यास वाव राही.

२००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमानंतर ई-फेरफार प्रणालीने ही दोन्ही दप्तरे संगणकाने जोडली. सूचना थेट तलाठ्याच्या पडद्यावर येऊ लागली. हरकतीचे १५ दिवस मात्र कायम राहिले. कारण सहहिस्सेदाराची तक्रार ऐकण्याचे काम संहितेने अधिकाऱ्यावरच सोपवले आहे.