ग्लेनॉकिल तुरुंगातील एचआयव्हीचा उद्रेक

स्कॉटलंडच्या क्लॅकमॅननशर परगण्यातील ग्लेनॉकिल तुरुंगात १९९३ च्या पूर्वार्धात, सामायिक सुई-सिरिंजमुळे कैद्यांमध्ये झालेला एचआयव्हीचा प्रसार. लागण तुरुंगातच झाली, बाहेरून आली नाही, हे तारखा आणि रक्ततपासणीच्या आधारे दाखवता आलेल्या सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक. तुरुंगात मादक द्रव्ये पोहोचतच नाहीत, या समजुतीला तिने मोठा धक्का दिला.

त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत तेथे तीव्र ‘ब’ काविळीचे आठ रुग्ण सापडले आणि दोन कैद्यांना नुकतीच एचआयव्हीची लागण झाल्याचे दिसले. दोन्ही विषाणू रक्तावाटे पसरत असल्याने आरोग्य अधिकाऱ्यांनी तातडीने समुपदेशन आणि ऐच्छिक तपासणी सुरू केली. तुरुंगात तेव्हा ३७८ कैदी होते. त्यांपैकी २२७ जण समुपदेशनाला आले, १६२ जणांनी रक्त दिले आणि १२ जण बाधित निघाले. समुपदेशनाला आलेल्यांपैकी ७६ जणांनी आयुष्यात कधी ना कधी नशेची सुई टोचून घेतली होती. त्यांतल्या ३३ जणांनी ती ग्लेनॉकिलमध्येच घेतली होती आणि बाराही बाधित या ३३ जणांतलेच होते. या ३३ पैकी ३२ जणांनी तुरुंगात दुसऱ्याची सुई वापरल्याचे सांगितले. तुरुंगात दाखल झाल्याची तारीख आणि आधीच्या तपासण्यांचे निकाल ताडून पाहता किमान आठ जणांना लागण तुरुंगातच झाली हे निर्विवाद ठरले. पुढे विषाणूच्या जनुकीय क्रमाची तुलना झाली, तेव्हा बहुतेक बाधितांचा संसर्ग एकाच मुळाशी पोहोचला. खरा आकडा याहून मोठा असणार. बरेच कैदी तपासणीला आलेच नाहीत आणि काहीजण तोवर सुटून घरी गेले होते.

याची पार्श्वभूमी एडिंबरा शहरात होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे हेरॉइनचा सुळसुळाट झाला. पोलिसांनी सिरिंज बाळगणाऱ्यांची धरपकड केली, सिरिंज विकत मिळणे दुरापास्त झाले, आणि एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरातील एका दवाखान्याच्या १६४ हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांपैकी ५१ टक्के एचआयव्हीबाधित आढळले. पुढे शहराने धडा घेतला आणि स्वच्छ सुया व मेथाडोन हे पर्यायी औषध उपलब्ध झाले. तुरुंगाच्या फाटकापाशी मात्र ही सुधारणा थांबली. बाहेर ज्या टंचाईने साथ पसरवली, तीच टंचाई आत नियम म्हणून कायम राहिली.

तुरुंगात सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सहसा घटते, कारण माल कमी आणि महाग असतो. मात्र जे टोचून घेतात त्यांचा धोका बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. चोरून आणलेली एखादी सिरिंज महिनोन्महिने वापरात राहते. लपवायला सोपी जावी म्हणून ती कापून आखूड केलेली असते, बोथट झाली की घासून धार लावली जाते. झडतीच्या भीतीने सारे घाईत उरकायचे असल्याने ती धुवायला वेळ नसतो. ‘क’ काविळीचा विषाणू तर सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात काही आठवडे जिवंत राहू शकतो आणि ब्लीचने तो हमखास मरत नाही. ग्लेनॉकिलच्या नंतरच्या पाहणीत एक गोष्ट पुढे आली, जी वाचताना मन विषण्ण होते : सुई घेणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कैद्यांनी पहिली सुई याच तुरुंगात घेतली होती.

या घटनेचे महत्त्व एका तुरुंगापुरते नाही. २०१४ मध्ये जगभरात कोणत्याही एका दिवशी सुमारे १ कोटी २ लाख माणसे कोठडीत होती आणि त्यांपैकी अंदाजे ३.८ टक्के एचआयव्हीबाधित, तर १५.१ टक्के ‘क’ काविळीने बाधित होती. सुईने नशा करणाऱ्यांविषयीच्या अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. अलीकडे तुरुंगवास घडलेल्यांमध्ये एचआयव्हीच्या लागणीचा धोका ८१ टक्क्यांनी, तर ‘क’ काविळीचा ६२ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसते. सुटकेनंतरचे दिवसही तितकेच धोक्याचे असतात. राहायला जागा नसते, उपचार तुटलेले असतात, आणि सवय मोडलेल्या शरीरात पूर्वीइतकी मात्रा गेली तर मृत्यू ओढवतो. पहिले दोन आठवडे सर्वांत जीवघेणे ठरतात.

उपाय माहीत आहेत. स्वित्झर्लंडमधील ओबरश्योनग्र्युन तुरुंगाचे डॉक्टर फ्रान्झ प्रोब्स्ट यांनी १९९२ मध्ये कैद्यांना स्वच्छ सिरिंज द्यायला सुरुवात केली. १९९४ मध्ये हिंडेलबांकच्या महिला तुरुंगात जुनी सुई टाकल्यावर नवी देणारी यंत्रे बसवली गेली. स्पेनने पुढे अशी सोय अनेक तुरुंगांत नेली. तुरुंग कर्मचाऱ्यांचा आक्षेप असतो की सुईचे हत्यार होईल. ही भीती पोकळ नाही. सिडनीच्या लाँग बे तुरुंगात १९९० साली एका कैद्याने बाधित रक्ताने भरलेली सिरिंज अधिकाऱ्याला टोचली आणि तो अधिकारी १९९७ मध्ये मरण पावला. पण त्या तुरुंगात सुया बदलून देण्याची सोय नव्हती. ती सुई चोरूनच आलेली होती. जिथे अशी सोय झाली, तेथील मूल्यमापनांत सुई हल्ल्यासाठी वापरल्याचे आढळलेले नाही. जर्मनीतील बहुतेक योजना राजकीय निर्णयाने बंद झाल्या. त्या अपयशी ठरल्या म्हणून नव्हे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार, ‘ब’ काविळीची लस आणि ‘क’ काविळीवरील तोंडाने घ्यायच्या गोळ्या हे उरलेले उपाय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या चार तुरुंगांत या गोळ्या व्यापक प्रमाणावर दिल्यावर नव्या लागणीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उपचार ज्याला मिळाले तो बरा झालाच, शिवाय त्याच्या शेजारच्यालाही संरक्षण मिळाले.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार केवळ सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीवर खटला न चालवण्याची तरतूद आहे, पण तिचा लाभ अनेकांना माहीतही नसतो. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू आहेत. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शासनाच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. खटला सुरू असलेल्या कच्च्या कैद्यालाही तो लागू होतो, आणि त्याच्या वतीने घरच्यांनी तो तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे निःसंकोच मागावा.