नगरच्या किल्ल्यातील बंदिवान आणि जिवंतपणी श्राद्ध घातलेली अरुणा

#थ्रेड

१/ आमच्या राळेगणसिद्धीहून नगरला गेले की भुईकोट किल्ल्यातील एका बंदिवानाची मला हटकून आठवण होते. ते नेहरू नव्हेत. ऑगस्ट १९४२मध्ये येथे डांबलेल्या बारा काँग्रेस नेत्यांपैकी एक होते दिल्लीचे बॅरिस्टर असफ अली. ही कथा त्यांची आणि अरुणा गांगुली यांची.

२/ अरुणा यांचा जन्म १९०९ साली कालका येथे, बंगाली ब्राह्मो कुटुंबात झाला. शिक्षण लाहोर व नैनिताल येथील कॉन्व्हेंट शाळांत. पुढे त्या कलकत्त्याच्या गोखले मेमोरियल शाळेत शिकवू लागल्या. हे गोखले म्हणजे आपले गोपाळ कृष्ण गोखले.

३/ अलाहाबादेत त्यांची असफ अलींशी भेट झाली. ते मुसलमान, आणि वयाने एकवीस वर्षांनी मोठे. घरचा विरोध न जुमानता १९२८ साली दोघांनी विवाह केला.

४/ वडील हयात नव्हते. स्वतःला पालक मानणारे काका नगेंद्रनाथ गांगुली हे प्राध्यापक आणि रवींद्रनाथ ठाकुरांचे जावई. अरुणा आपल्यापुरती मेली असे त्यांनी आप्तेष्टांना सांगितले, तिचे श्राद्धही घातले. ही हकिकत पुढे अरुणा यांनीच सांगितली.

५/ येथे क्षणभर थांबा. जातिभेद व मूर्तिपूजा नाकारणाऱ्या ब्राह्मो परंपरेतील हे घर. १८७२चा नोंदणी विवाहाचा कायदा झाला तोही केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांच्या मागणीतून. त्याच परंपरेतील मुलीने धर्माबाहेर वर निवडला, तेव्हा सुधारणेची सीमा उंबरठ्यावरच संपली.

६/ कायदाही तोकडाच होता. १८७२च्या कायद्याखाली विवाह करायचा तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांत सवलत दिली. हिंदू-मुसलमान जोडप्याला आपापला धर्म राखून नोंदणी विवाह करता येऊ लागला तो १९५४ साली.

७/ आता ९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत धरपकड झाली. असफ अलींसह कार्यकारिणीला खास आगगाडीने नगरला आणले गेले. त्याच सकाळी गवालिया टँक मैदानावर अरुणा यांनी तिरंगा फडकावला आणि पुढे त्या भूमिगत झाल्या. सरकारने पाच हजारांचे बक्षीस लावले, त्यांची मालमत्ता जप्त करून विकली.

८/ किल्ल्यातील आणखी एका बंदिवानाची स्थिती अशीच होती. सिंधी आचार्य कृपलानींनी १९३६ साली बंगाली सुचेता मजुमदार यांच्याशी विवाह केला होता. वयात वीस वर्षांचे अंतर, आणि प्रारंभी गांधीजींचाच विरोध. पती नगरला कैदेत असताना सुचेताही भूमिगत राहून चळवळ चालवत होत्या.

९/ १९४४मध्ये गांधीजींनी अरुणा यांच्या धैर्याचे कौतुक करून त्यांना शरण येण्याचा सल्ला दिला. त्या आल्या नाहीत. १९४६ साली वॉरंट मागे घेतले गेले, तेव्हाच त्या प्रकट झाल्या. ज्यांनी काकांना जुमानले नाही, त्यांनी गांधीजींचा सल्लाही नम्रपणे बाजूला ठेवला.

१०/ पुढे दोघांच्या राजकीय वाटा वेगळ्या झाल्या. असफ अली १९४७ साली अमेरिकेतील भारताचे पहिले राजदूत झाले. अरुणा समाजवादाकडून साम्यवादाकडे वळल्या. १९५३ साली असफ अलींचे बर्न येथे निधन झाले. १९५८ साली अरुणा दिल्लीच्या महापौर झाल्या. १९९७ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

११/ या विवाहाला आपण ‘प्रेमकथा’ म्हणून मोकळे होतो आणि त्याची किंमत कोणी मोजली हे विसरतो. कुटुंबाने ज्या नावाचे श्राद्ध घातले, ते नाव अरुणा यांनी तसेच राखले आणि त्याला पतीचे नाव जोडले. इतिहास त्यांना अरुणा असफ अली म्हणूनच ओळखतो. पुढच्या वेळी नगरचा किल्ला पाहाल तेव्हा आत कोण होते याबरोबरच बाहेर कोण लढत होते, हेही आठवा.

समाप्त.