सुकाणू कोणाच्या हाती?

पनवेलहून रोह्याकडे जाताना पेणच्या अलीकडे जिते हे लहानसे रेल्वे स्थानक लागते. गाव समुद्रकाठी नाही, पण धरमतरची खाडी इथून फार लांब नाही. खाडीतला मचवा पाहिलेल्या मुलांना नावेवरची कामांची वाटणी ठाऊक असते. तांडेल सुकाणूवर, खलाशी शिडाशी, दोरांशी आणि नांगराशी. अशा वर्गात कोणी विचारले, "हे सगळे एकट्याला जमेल का?" तर काय सांगाल?

जमते. पण प्रश्न ताकदीचा नाही. माणसाला दोनच हात आहेत, आणि त्याला झोप लागते. तो नांगराकडे गेला किंवा निजला तर सुकाणू कोण धरणार? एकट्याच्या नौकानयनाचा इतिहास हा मुख्यतः या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

पहिले उत्तर नावेच्या घडणीतच होते. जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये 'स्प्रे' या सुमारे ११ मीटर लांबीच्या शिडाच्या नावेतून अमेरिकेहून निघाला आणि १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. एकट्याने केलेली ही पहिली प्रदक्षिणा. शिडांवरचा वाऱ्याचा रेटा आणि पाण्याखालच्या भागाला होणारा पाण्याचा विरोध यांचा तोल त्याच्या नावेत असा जमे, की सुकाणू बांधून ठेवले तरी ती बराच काळ आपल्या वाटेने जाई.

इंजिनाच्या नावेला मात्र शिडांचा हा आधार नाही. लाटेने किंचित वळवले की ती वळलेल्या दिशेलाच जोमाने जाते. १९३६ मध्ये मारँ-मारी या फ्रेंच चित्रकाराने 'आरिएल' या सुमारे १३ मीटरच्या मोटारनौकेतून एकट्याने न्यूयॉर्क ते ल हाव्र असा अटलांटिक ओलांडला. सुकाणूसाठी त्याने यंत्रांची मदत घेतली. त्यात वाऱ्याच्या दिशेप्रमाणे फिरणारे एक पातेही होते. तत्त्व सोपे आहे. नाव वळली की वारा पात्यावर वेगळ्या कोनातून येतो, पाते फिरते आणि सुकाणूला उलट दिशेने हलवते. चूक झाली की तीच चूक दुरुस्तीला चालना देते. आजचे विजेवर चालणारे यंत्र वाऱ्याऐवजी होकायंत्राकडून दिशा घेते, एवढाच फरक.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली' ही सुमारे ९.८ मीटरची सागवानी नाव मुंबईतच, इथल्या सुतारांनी वाकस आणि सामता अशा हातच्या हत्यारांनी घडवली. १४ जून १९६८ ला इंग्लंडहून निघून तो ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता परतला. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला. वाटेत त्याचे स्वयंचलित सुकाणू मोडले. मग तो स्लोकमच्याच उपायाकडे वळला आणि शिडांचा तोल साधत पुढे गेला.

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० ला परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' ही ५६ फुटी नाव गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. या मोहिमेची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नावेतून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली.

आता एक उलटे वाटणारे सत्य. एकट्या माणसाला भर महासागरापेक्षा किनारा अधिक कठीण. महासागरात धडकायला फारसे काही नसते. किनाऱ्याजवळ खडक असतात, भरती-ओहोटीचे प्रवाह असतात, मोठी जहाजे असतात. आपल्या कोकणात तर खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात. त्यांचा दोर पंख्यात अडकला तर इंजिन बंद पडते. सुकाणूचे यंत्र दिशा राखते, पण ते पाहत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक नावेवर डोळ्यांनी व कानांनी अखंड पहारा हवा. एकटा माणूस झोपला की हा नियम मोडतोच. म्हणूनच एकट्याचा दीर्घ प्रवास आजही वादाचा विषय आहे.

मुलांना हे गणिताने पटेल. आपली नाव ताशी ६ सागरी मैलांनी जात आहे, समोरून जहाज १८ मैलांनी येत आहे आणि ते ८ मैलांवर दिसले. दोघांतले अंतर ताशी २४ मैलांनी घटते, म्हणजे हाताशी फक्त २० मिनिटे. एकटे नाविक किनाऱ्याजवळ इतकीच डुलकी का घेतात, ते यावरून कळेल. दुसरे गणित अधिक गंभीर आहे. ताशी ६ सागरी मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर. यंत्राच्या हवाली केलेल्या नावेतून माणूस पाण्यात पडला, तर एका मिनिटात नाव १८५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून कमरेचा दोर आधी, बाकीचे नंतर. छोट्या मोटारनौकांवर चालकाला एक दोरी बांधतात. तो पडला की ती सुटते आणि इंजिन थांबते.

धक्क्याला लागतानाही विज्ञान उपयोगी पडते. दोन टोकांचे दोन दोर एकट्याला एकाच वेळी बांधता येत नाहीत. म्हणून तो नावेच्या मध्यापासून एकच दोर धक्क्यावरच्या मागच्या खुंटाला बांधतो, सुकाणू धक्क्यापासून दूर वळवतो आणि इंजिन हळू पुढे चालू ठेवतो. पंखा पुढे ढकलतो, दोर मागे ओढतो, सुकाणूवर आदळणारे पाणी मागचा भाग धक्क्याकडे दाबते. नाव जागची हलत नाही. मग बाकीचे दोर सावकाश बांधावेत.

टॉमींची पुढची कथाही वर्गात सांगावी. २०१८ च्या स्पर्धेत त्यांची 'थुरिया' ही 'सुहेली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली नाव दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली. २१ सप्टेंबरला डोलकाठ्या मोडल्या, पाठीच्या मणक्याला जबर इजा झाली आणि त्यांना जागचे हलता येईना. तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. २०२२-२३ मध्ये ते याच स्पर्धेत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

तेव्हा "एकट्याला जमेल का?" या प्रश्नाला होकार देऊन थांबू नये. कोणते काम यंत्रावर सोपवता येईल, कोणते दोराच्या एका गाठीवर आणि कोणते कोणावरच नाही, याची यादी मुलांनाच फळ्यावर करू द्यावी.