नऊ भोकांचा करार

गेल्या उन्हाळ्यात बोरगाव मेघेच्या आमच्या घरी भाचा आला तो दोन खोकी घेऊनच. एकात मदरबोर्ड, दुसऱ्यात कॅबिनेट. दिवसा इमारतींची त्रिमिती चित्रं करायची आणि रात्री गेम खेळायचे, असा दुहेरी कामाचा कॉम्प्युटर त्याला स्वतः जोडायचा होता. तासाभरानं आतून आवाज आला, ‘‘मामाजी, हे बसून नाही राह्यलं!’’ बोर्ड पूर्ण एटीएक्स मापाचा आणि कॅबिनेट मायक्रो-एटीएक्सचं. पायजमा थोरल्याचा, सदरा धाकट्याचा. चूक कोणाची, यात मी शिरलो नाही. मला आठवला तो या ‘बसण्या’चा इतिहास.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याआधीही घरगुती कॉम्प्युटर होते, पण त्यातल्या पुष्कळांची यंत्रं आणि पेट्या एकमेकांसाठीच घडलेल्या. आपल्या पेटी-चरख्यासारखं म्हणा ना. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्याच्या रचनेवर मेहनत घेतली, तो चरखा मिटला की पेटीच होऊन जातो. त्याच्या चाकांना दुसरी पेटी चालायची नाही. आयबीएमनं मात्र बोर्डावर पाच खाचा ठेवल्या आणि सर्किटचे नकाशे पुस्तकात छापून ते पुस्तक विकायला ठेवलं. कोणीही कार्ड बनवावं आणि खाचेत खोचावं.

या खाचेनं मराठीवर केलेले उपकार आपण विसरलो आहोत. कानपूरच्या आयआयटीत ज्याची सुरुवात झाली आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकनं जे पुढे नेलं, ते ‘जिस्ट’ कार्ड या खाचेत बसे. ते बसवलं की इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्राच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. खाच बंद असती, तर अमेरिकेतल्या कंपनीला आपली आठवण होईपर्यंत वाट पाहत बसावं लागलं असतं.

बोर्ड आणि पेटीचं लग्न मात्र इतकं सुखाचं नव्हतं. १९८४च्या ‘एटी’ यंत्राचा बोर्ड भलामोठा होता. इतरांनी तो कापून ‘बेबी एटी’ केला. त्यात प्रोसेसर लांब कार्डांच्या वाटेत यायचा. मागच्या बाजूला कीबोर्डचं तेवढं भोक ठरलेलं, बाकीच्या जोडण्या चपट्या तारांनी ओढून आणायच्या. वीज यायची दोन जुळ्या प्लगांतून. ‘काळी तार काळीशेजारी’ हा मंत्र पाठ नसलेल्यानं ते उलटे लावले, की बोर्ड जळलाच म्हणून समजा. असेंबल्ड कॉम्प्युटर जोडणारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची पोरं या मंत्रावरच तयार झाली. एटीएक्सच्या पोरांना त्याची गरज उरली नाही.

कारण १९९५ साली इंटेलनं ‘एटीएक्स’चा आराखडा प्रसिद्ध केला. जुना बोर्ड जणू काटकोनात फिरवला. माप ठरलं ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मागच्या जोडण्यांची चौकट पक्की झाली. दोन प्लगांऐवजी उलटा लागूच शकणार नाही असा एकच प्लग आला. आणि स्क्रूंची भोकं कुठे असावीत तेही ठरलं. पूर्ण मापाच्या बोर्डाला साधारण नऊ. १९९७ची मायक्रो-एटीएक्स (२४४ बाय २४४) आणि २००१ साली व्हिया कंपनीनं पुढे आणलेली मिनी-आयटीएक्स (१७० बाय १७०) ही धाकटी भावंडं याच भोकांवर बसतात. म्हणून मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड जातो. उलट होत नाही.

पुढे इंटेललाच आपलं अपत्य जुनं वाटू लागलं. प्रोसेसर तापू लागले, तेव्हा २००४च्या सुमारास हवेची वाट सरळ करणारी ‘बीटीएक्स’ आणली. कल्पना चांगली होती, पण त्यासाठी सगळ्यांनी पेट्यांचे साचे बदलायचे! दरम्यान थंड प्रोसेसर आले आणि दोन वर्षांत इंटेलनंच अंग काढून घेतलं. ‘ई-एटीएक्स’ हे नाव मात्र फसवं. मूळ माप ३०५ बाय ३३०, पण त्याहून अरुंद बोर्डांवरही सर्रास तीच चिठ्ठी चिकटवतात. तिथे नावावर जाऊ नये, पट्टी लावावी.

भाच्याला मी माळ्यावरून २००० सालचं एटीएक्स कॅबिनेट काढून दिलं. धूळ पुसली, पितळी स्टँडऑफ लावले, ज्याच्यावर बोर्डाचं भोक येत नव्हतं तो काढून टाकला. राहिला असता तर बोर्डाखाली शॉर्ट झाला असता. मग बोर्ड ठेवला. नऊच्या नऊ भोकं जुळली, मागची चौकटही. पाव शतकापूर्वीचा पत्रा आणि काल आलेला बोर्ड! पोरगं बघतच राहिलं.

पण फूटभर लांबीचं ग्राफिक्स कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला जाऊन अडलं, आणि कूलर इतका उंच की बाजूचं झाकण लागेना. कार्डाच्या लांबीबद्दल आणि कूलरच्या उंचीबद्दल ती नऊ भोकं काही बोलत नाहीत. ही दोन मापं दर पेटीला वेगळी. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एसटीत बसताना भाच्याच्या खिशात चिठ्ठी होती. तीवर तीन आकडे होते: बोर्डाचं माप, कार्डाची लांबी, कूलरची उंची. आणि पिशवीत आईची शिवणकामाची टेप.