दमणची चौथ

चवथ म्हटली की आम्हां गोवेकरांना गणपती आठवतो, माटोळी आठवते. दमणच्या पोर्तुगिजांना मात्र चौथ म्हटली की घाम फुटत असावा. शेजारी रामनगरचे छोटे राज्य होते, म्हणजे पुढचे धरमपूर. तिथल्या राजाने दमणची गावे लुटू नयेत म्हणून पोर्तुगीज त्याला दरसाल वसुलाचा हिस्सा देत. राजाचे नावच त्यांनी 'चौथिया' पाडले होते! समुद्रावर इतरांच्या जहाजांना कार्ताझ, म्हणजे परवाना, विकत घ्यायला लावणारे हे लोक जमिनीवर स्वतःच खंडणी भरत होते. अर्थात पैसा रयतेचाच.

१६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी रामनगर घेतले. शिवाजी महाराजांचे म्हणणे सरळ होते: राज्य आमचे, तेव्हा चौथही आमची. पोर्तुगिजांची पंचाईत झाली. 'नाही' म्हणावे तर मराठी फौज जवळ. 'हो' म्हणावे तर मागणाऱ्याचा हक्क कायमचा मान्य. मग त्यांनी जो मार्ग धरला, तो माझ्यासारख्या कारकुनाला चांगलाच ओळखीचा. नकार द्यायचा नाही, पैसेही द्यायचे नाहीत. जुना राजा अजून हयात आहे, ही सबब हाताशी होतीच. महाराजांचे वकील पितांबर शेणवी बोलणी करीत राहिले, आणि प्रकरण लांबत राहिले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून हा व्यवहार उजेडात आणला.

१६८० मध्ये महाराज गेले, तेव्हाही चौथीचा निकाल लागलेला नव्हता.