करवतीचे दात

शाळेच्या भूगोलापासून पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांपर्यंत ग्रँड कॅन्यनची एकच कथा सांगितली जाते. कोलोरॅडो नदीचे पाणी लाखो वर्षे न थकता वाहत राहिले, कणाकणाने खडक झिजला आणि ॲरिझोनाच्या कोरड्या पठारात ४४६ किलोमीटर लांबीची, दीड किलोमीटरहून खोल घळई तयार झाली. ही कथा मला मान्य नाही. घळई कोरणारी हत्यारे म्हणजे वाळू, गोटे आणि धोंडे, आणि ती चालतात मुख्यतः पुराच्या मोजक्या दिवसांत. हा वाद भूशास्त्राच्या वर्गापुरता असता तर त्यावर लिहिण्याची मला निकड वाटली नसती. पण संथ पाण्याची कथा मनात धरून पाहिले की ग्लेन कॅन्यन धरणाखालची आजची कोलोरॅडो धडधाकट दिसते, कारण पाणी तर बारमाही वाहतेच आहे. प्रत्यक्षात ती नदी गेली साठ वर्षे आतून खंगते आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी सांगायला हवे. पृथ्वीचे रूप एखाद्या प्रलयाने एकाएकी घडले असे मानणाऱ्यांशी झगडूनच चार्ल्स लायेलसारख्या भूशास्त्रज्ञांनी सावकाश, अखंड चालणाऱ्या प्रक्रियांचा विचार रुजवला. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा युद्धात एक हात गमावलेला माणूस नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन ग्रीन व कोलोरॅडो नद्यांतून खाली उतरला. युइंटा पर्वत चिरून जाणाऱ्या नदीबद्दल त्याने पुढे एक दाखला दिला: करवत जागेवरच फिरते, ओंडका तिच्यावर सरकत येतो, तशी नदी आपल्या पातळीवर राहिली आणि जमीन वर उचलली गेली. युइंटापुरता त्याचा निष्कर्ष आता जसाच्या तसा कोणी मानत नाही. जमीन उचलली जाणे आणि नदीने कापणे या जोडीचे महत्त्व मात्र त्याने अचूक हेरले. घळईत उतरलेल्या लाव्ह्याच्या थरांची वये काढून झिजेचा वेगही आता मोजला गेला आहे. गेल्या काही लाख वर्षांत तो सरासरीने वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. मग संथ झीज खोटी कशी, असे कोणीही विचारील.

सरासरीतच गोम आहे. लाख वर्षांचा हिशेब तेवढ्या वर्षांनी भागला की काम दरवर्षी सारखे झाले असा भास होतो. काम कधी झाले आणि कोणी केले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

ते कोणी केले याचे उत्तर पॉवेलच्याच सहकाऱ्याने दिले आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १८७७ मध्ये युटातल्या हेन्री पर्वतांवर जो अहवाल लिहिला, त्यात त्याने नदीच्या कापण्याचा नियमच मांडला: नितळ पाण्याला खडकाची यांत्रिक झीज फारशी करता येत नाही, पाण्यातून ओढला जाणारा गाळ तळाला घासतो, तेव्हा खडक कापला जातो, आणि गाळ अति झाला तर तोच तळावर पसरून खडकाला झाकतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातला पहिला भाग पटवून द्यावा लागणार नाही. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी तिथला काळा कातळ पोखरला आहे. पॉवेलच्या दाखल्यात करवत होती, तिचे दात गिल्बर्टने दाखवले. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी असलेला विष्णू शिस्ट हा सुमारे १७५ कोटी वर्षांचा कठीण खडक कापायला असे दात लागतातच.

आता काम कधी होते ते पाहू. धरणापूर्वी रॉकी पर्वतातला बर्फ वितळला की घळईच्या वरच्या टोकाला लीज फेरीपाशी ऐंशी हजार क्युसेकच्या आसपास पूर येई. १९२१ मध्ये तो सुमारे १ लाख ७० हजारांवर गेला होता. हिवाळ्यात तीच नदी कधी कधी पाच हजार क्युसेकच्याही खाली उतरे. एरवी पात्रात पुष्कळ ठिकाणी वाळू-गोट्यांचा जाड थर असतो आणि त्याखालच्या खडकाला पाणी शिवतही नाही. तो थर हलवून खडक उघडा पाडायचा आणि वर त्याच गाळाने तो घासायचा, हे मोठ्या पुरालाच जमते.

याहून स्पष्ट पुरावा हवा असेल तर जिथे वाहते पाणीच नाही अशा घळी पाहाव्यात. पेज गावाजवळ नावाहो लोकांच्या भूमीत अँटिलोप कॅन्यन आहे. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. त्या गुळगुळीत, लाटांसारख्या वळलेल्या वालुकाश्मावरून पाण्याची वर्षानुवर्षे चाललेली हळुवार धार डोळ्यांसमोर उभी राहते. पण वर्षातले बहुतेक दिवस तिथे पायांखाली कोरडी वाळू असते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला. घळीपाशी पावसाचा फारसा मागमूस नव्हता, तरी चिखल-वाळूचा लोंढा तिच्या खालच्या भागात शिरला आणि ११ पर्यटक प्राणाला मुकले. ती भिंत इतकी सुंदर घासणारे हात हेच आहेत.

मुख्य नदीतही हेच दिसते. डिसेंबर १९६६ मध्ये उत्तर कड्यावर प्रचंड पाऊस झाला आणि क्रिस्टल ओढ्यातून चिखल आणि धोंड्यांचा लोंढा थेट कोलोरॅडोच्या पात्रात येऊन पडला. आधी होडीवाले जिथून विशेष काळजी न करता उतरत, तिथे एका वादळाने नदी आवळली गेली आणि क्रिस्टल हा सबंध घळईतल्या सर्वांत भीतिदायक खळाळांपैकी एक झाला. ग्रँड कॅन्यनमधले बहुतेक मोठे खळाळ असेच बाजूच्या ओढ्यांच्या तोंडाशी आहेत. नदीने तळ कापताना सोडलेल्या या पायऱ्या नसून ओढ्यांनी आणून टाकलेल्या धोंड्यांचे ते बांध आहेत, आणि त्यांना फोडायला नदीला पूर लागतो.

या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो छायाचित्रांचा पुरावा. १८८९-९० मध्ये रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन हा अभियंता घळईच्या तळातून रेल्वेमार्ग काढता येईल का ते पाहत होता. मोहिमेचा छायाचित्रकार पडून जबर जखमी झाला, तेव्हा छायाचित्रणाचा अनुभव नसलेल्या स्टँटनने स्वतःच कॅमेरा हाती घेतला. रेल्वे झाली नाही, चित्रे राहिली. शंभर वर्षांनी रॉबर्ट वेब या भूशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह त्याच जागी उभे राहून तीच दृश्ये पुन्हा टिपली. जोड्या शेजारी ठेवून पाहिल्यावर उतारावरचे धोंडे बहुतांशी होते तिथेच निघाले. वाळवंटी झुडपांपैकी कित्येक तर तीच, शंभर वर्षे जगलेली. आणि काही ओढ्यांच्या तोंडाशी जागा ओळखू येऊ नये इतका फरक पडलेला. झीज दररोज समान वाटून होत असती तर सगळीकडे थोडाथोडा बदल दिसायला हवा होता. दिसले ते वेगळेच: बहुतेक ठिकाणी शतकभर जवळजवळ स्तब्धता आणि थोड्या ठिकाणी एका दिवसात झालेली उलथापालथ.

घळईच्या रुंदीचे श्रेयही नदीला फुकट मिळते. तळाशी जेमतेम शे-सव्वाशे मीटर रुंद असलेल्या नदीने वरची पंधरा-वीस, काही ठिकाणी २९ किलोमीटरची रुंदी कापलेली नाही. ते काम दरडींचे, हिवाळ्यात भेगांत गोठणाऱ्या पाण्याचे आणि शेकडो ओढ्यांचे. पठार दक्षिणेकडे कललेले असल्यामुळे उत्तर कड्यावरचे पाणी घळईत उतरते आणि दक्षिण कड्यावरचे घळईपासून दूर जाते. म्हणून उत्तरेची बाजू जास्त कुरतडली गेली आणि नदी दक्षिण कड्याच्या जवळ आली.

एवढे पूर आणि लोंढे सांगून मी प्रलयवाद्यांच्या हाती कोलीत देतो आहे, असा आक्षेप येईल. बायबलमधल्या एकाच जलप्रलयाने ग्रँड कॅन्यन कोरली असे सांगणारे लोक अमेरिकेत आजही आहेत. त्यांना या पुराव्यात कसलाही आधार नाही. घळईच्या पश्चिम भागात वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या वयाचे लाव्ह्याचे थर आहेत. नदी खोल जात असताना, पुष्कळ काळाच्या अंतराने, ते एकेक करून उतरले. घळईच्या पश्चिम तोंडाशी सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीच्या चुनखडकात कोलोरॅडोच्या गाळाचा पत्ता नाही. म्हणजे नदी तोपर्यंत या वाटेने येतच नव्हती. २०१२ मध्ये पश्चिमेकडची घळई सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच बरीचशी कोरली गेली होती असा दावा झाला. २०१४ मध्ये कार्ल कार्लस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी काही तुकडे जुने असले तरी ते ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी एका नदीने जोडले गेले असे मांडले, आणि मला ते अधिक पटते. काळ लाखो वर्षांचाच आहे. माझे म्हणणे इतकेच की त्या काळातले बहुतेक दिवस कोरडे गेले.

ग्लेन कॅन्यन धरणाकडे आता या नजरेने पाहावे. २१६ मीटर उंचीच्या या धरणाने १९६३ मध्ये नदी अडवली. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या टोकाला येणारी नव्वद टक्क्यांहून अधिक वाळू तेव्हापासून धरणामागच्या पॉवेल सरोवराच्या तळाशी बसते आहे. खाली सुटणारे पाणी नितळ, हिरवट आणि पुढची अनेक दशके आठ-दहा अंश तापमानाचे. पर्यटकांना ते मोहक वाटते. पण उन्हाळ्यात कोमट आणि सदा गढूळ असणाऱ्या नदीत घडलेला, पाठीवर कुबड असलेला हंपबॅक चब हा मासा तगला तो मुख्यतः लिटल कोलोरॅडोसारख्या उपनदीच्या आश्रयाने. कोलोरॅडो पाइकमिनो आणि बोनीटेल हे मासे ग्रँड कॅन्यनमधून नाहीसे झाले. काठांवरचे वाळूचे पट्टे वाहून जाऊ लागले. ज्या कोरड्या वाळूने वाऱ्याबरोबर उडून प्राचीन वस्त्यांचे अवशेष झाकून ठेवले होते, ती कमी झाल्यावर ते अवशेषही उघडे पडू लागले.

मार्च १९९६ मध्ये धरणातून सात दिवस ४५ हजार क्युसेक पाणी सोडून कृत्रिम पूर आणला गेला. काठावर नवी वाळू चढली आणि आनंद झाला. मोजणीनंतर कळले की त्यातली बरीचशी वाळू जुन्याच पट्ट्यांचे पाण्याखालचे भाग खरवडून आली होती. वाळूशिवायचा पूर म्हणजे घरचेच धान्य उपसणे. त्यातून शिकून २००४ पासूनचे बहुतेक पूर पारिया या उपनदीने पावसाळी लोंढ्यांतून वाळू आणून टाकल्यावर सोडले गेले. पूर आणि गाळ एकत्र आले तरच नदी काठ बांधते, हे यापेक्षा उघड प्रयोगाने सिद्ध करता येणार नाही.

नितळ पाणीही खडक फोडते याला दाखला म्हणून १९८३ पुढे केले जाते. त्या जूनमध्ये धरण तुडुंब भरले आणि सांडव्याच्या बोगद्यातून सुटलेल्या पाण्यातले बुडबुडे फुटून काँक्रीट उखडले. डाव्या बोगद्यात खालच्या वालुकाश्मापर्यंत सुमारे दहा मीटर खोल खड्डा पडला. खरे आहे. पण तो खड्डा पाडायला सांडव्याचा भयानक वेग लागला, आणि काम काही दिवसांतच झाले. संथ धारेच्या बाजूने ही साक्ष पडत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: दुष्काळाच्या दिवसांत पूर सोडणे म्हणजे पाण्याची उधळपट्टी. नोव्हेंबर २०१८ नंतर पुढचा पूर थेट एप्रिल २०२३ मध्ये सोडला गेला. मधल्या वर्षांत पारियाने आणलेली वाळू काठावर चढलीच नाही. ती खाली मीड सरोवराच्या दिशेने गेली. पण वर्षाकाठी खाली किती पाणी सोडायचे याचा वाटा आधीच ठरलेला असतो. पुरासाठी त्यात भर घालावी लागत नाही, वर्षभराच्या पाण्यातले थोडे चार-पाच दिवसांत सोडायचे असते. ते सगळे मीड सरोवरातच साठते आणि शेतांना, शहरांना मिळते. बुडते ती फक्त जनित्रांना वळसा घालून सोडलेल्या पाण्याची ग्लेन कॅन्यनमधली वीज. तिची किंमत पैशांत मांडता येते. ती मांडावी आणि दर शरद ऋतूत पारियाची वाळू मोजून पुराचा निर्णय घ्यावा.