'ऑफिशियस' : एका सद्गुणवाचक शब्दाची अधोगती

इंग्रजीतील 'ऑफिशियस' हे विशेषण नित्याच्या बोलण्यात क्वचितच येते. येते तेव्हा मात्र नापसंती घेऊनच येते. न मागता सल्ला देणारा, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणारा, अधिकार बेताचा असूनही तोरा मिरविणारा मनुष्य या शब्दाने दर्शविला जातो. 'ऑफिशियल', म्हणजे अधिकृत, या शब्दाशी त्याची पुष्कळदा गल्लत होते. दोहोंचे मूळ मात्र एकच आहे.

ते मूळ म्हणजे लॅटिन 'ऑफिशियम'. अर्थ कर्तव्य, सेवा. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोने आपल्या पुत्राला उद्देशून कर्तव्यमीमांसेचा जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. त्यावरून सिद्ध झालेले विशेषण कर्तव्यतत्पर, उपकारशील माणसाला लावीत. रोमन कायद्यात जवळच्या वारसांना अकारण डावलणाऱ्या मृत्युपत्राला याच विशेषणाचे नकारार्थी रूप योजिले जाई, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानात यावी.

सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत सेवातत्पर या चांगल्या अर्थानेही वापरला जाई. परंतु त्या शतकाच्या अखेरीस त्याला लुडबुडीचा वास येऊ लागला. पुढे दोन्ही अर्थ दीर्घकाळ शेजारी नांदले. १७५५ च्या आपल्या कोशात डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी दोन्ही नोंदविले आहेत, आणि अग्रमान चांगल्या अर्थाला दिला आहे. जॉन्सन यांच्या घरी रॉबर्ट लेव्हेट नावाचे वैद्य राहत. वैद्यकाची पदवी नसलेले हे गृहस्थ लंडनच्या गोरगरिबांवर पायपीट करून उपचार करीत आणि जे मिळेल ते स्वीकारीत. १७८२ मध्ये ते निवर्तले. त्यांच्यावरील शोककाव्यात जॉन्सन यांनी 'ऑफिशियस' हे विशेषण निखळ गौरवार्थ योजिले. आजच्या वाचकाला तेथे टीपेवाचून अर्थ लागत नाही.

शब्द का घसरला? सेवेची इच्छा देणाऱ्याची असते, गरज घेणाऱ्याची. गरज न पाहता इच्छाच प्रबळ झाली की सेवेचा उपद्रव होतो. लेव्हेट रुग्णाच्या दारी जात, कारण तेथे दुसरे कोणी जात नसे.

आपल्याकडे 'आगाऊ' शब्दाची गत काहीशी अशीच आहे. आगाऊ सूचना, आगाऊ रक्कम यांत दूरदृष्टी दिसते. आगाऊ माणूस मात्र कोणालाच नको असतो. वेळेपूर्वी पुढे होणे दोन्हीकडे सारखेच. फरक इतकाच की, पहिल्याची समोरच्याला गरज असते. शासनसेवेत हयात घालविलेल्या माणसाला या दोन शब्दांचा इतिहास विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. तत्परता हा त्या सेवेचा अलंकार खरा. पण दारी आलेल्या नागरिकाचे म्हणणे आधी ऐकून घेतले, तरच तो शोभतो.